कार्निव्हलसारख्या मौजमजेच्या उत्सवातून खरंच कुणी राजकारणी घडला आहे का?

हो, घडला आहे. मला विचाराल तर मी आधी फ्रांत्स राव्होचं नाव घेईन. जर्मनीतल्या कोलोन शहरातला तंबाखू आणि सिगारचा व्यापारी, जन्म १८१० चा. तरुणपणी तो बेल्जियमच्या उठावात आणि स्पेनच्या यादवीत लढला, मग गावी परतून धंद्याला लागला. पण शहराला तो ओळखीचा झाला कार्निव्हलमुळे.

हे कसं घडलं ते कळायला त्या वेळचं कोलोन डोळ्यांसमोर आणावं लागेल. १८१५ पासून शहरावर प्रशिया या मोठ्या जर्मन राज्याची सत्ता होती, राजधानी बर्लिन. रहिवासी बहुतेक कॅथलिक, हुकूम मात्र प्रोटेस्टंट बर्लिनचे. १८१९ नंतर वृत्तपत्रांवर कडक सेन्सॉर आला आणि राजकीय संघटना काढणं जवळपास अशक्य झालं. १८२३ मध्ये शहरातल्या प्रतिष्ठित मंडळींनी जुन्या, विस्कळीत कार्निव्हलला नवं रूप दिलं. उत्सव समिती नेमली आणि लेंटच्या उपवासाआधीच्या सोमवारी मोठी मिरवणूक काढायला सुरुवात केली. माझ्या मते मिरवणुकीपेक्षाही महत्त्वाच्या होत्या त्याआधीच्या बैठका. तिथे अध्यक्ष होता, सभासद होते, वर्गणी होती, भाषणं होती. पक्ष काढायची मुभा नव्हती, पण विदूषकाची टोपी घालून सभा भरवता येत होती. हजारो लोकांनी सभेत बोलणं, हरकत घेणं, आपला माणूस निवडणं तिथेच पाहिलं.

राव्हो याच सभांमधला गाजलेला वक्ता. पण समितीचा कारभार श्रीमंत, सावध घराण्यांच्या हाती होता. १८४४ मध्ये तो आणि त्याचे साथीदार बाहेर पडले आणि त्यांनी वेगळी, लोकशाही वळणाची कार्निव्हल संस्था काढली. कारागीर आणि छोटे दुकानदार यांनाही तिथे जागा होती. उत्सव कुणाचा, हा वाद वरवर गल्लीतला वाटतो. मला मात्र तो नगरपालिकेच्या निवडणुकीइतकाच राजकीय वाटतो. आणि खरोखरच दोन वर्षांनी, १८४६ मध्ये, राव्हो नगरसेवक झाला.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सेंट मार्टिनच्या जत्रेत सैनिकांनी जमावावर हल्ला केला आणि एका पिंपं बनवणाऱ्या कारागिराचा जीव गेला. शहर पेटायच्या बेतात होतं. तेव्हा सैन्याऐवजी नागरिकांनीच गस्त घालावी यासाठी पुढे आलेल्यांत राव्हो होता. पुढे त्याने या घटनांची हकिकत लिहून प्रसिद्ध केली. लोकांचा विश्वास त्याने अशा कामातून कमावला.

जर्मनी तेव्हा अनेक राज्यांत विभागलेली होती. १८४८ च्या क्रांतीत कोलोनने त्याला फ्रँकफर्टच्या राष्ट्रीय सभेत, म्हणजे सगळ्या जर्मनीसाठी संविधान लिहायला निवडलेल्या सभेत पाठवलं. सभा १८ मे रोजी भरली आणि दुसऱ्याच दिवशी त्याने प्रश्न उभा केला: प्रशियाच्या प्रतिनिधींना बर्लिन आणि फ्रँकफर्ट, दोन्ही सभांत बसता यावं की नाही? यातूनच मोठा वाद पेटला, वरचढ कोण, एकेका राज्याचं संविधान की अखिल जर्मन संविधान? २७ मे रोजी सभेने अखिल जर्मन संविधानाच्या बाजूने कौल दिला. मधल्या काळात तो स्वित्झर्लंडमध्ये या सभेने उभारलेल्या केंद्रीय सरकारचा दूतही होता.

१८४९ मध्ये प्रशियाच्या राजाने सभेने देऊ केलेला जर्मन सम्राटाचा मुकुट नाकारला आणि सगळं विस्कटत गेलं. उरलेले प्रतिनिधी स्टुटगार्टला जमले. ६ जूनला त्यांनी पाच जणांचं राजप्रतिनिधी मंडळ, म्हणजे हंगामी सरकार, निवडलं, त्यात राव्हो होता. १८ जूनला व्युर्टेम्बर्गच्या, म्हणजे स्टुटगार्ट ज्या राज्यात होतं त्याच्या, सैन्याने ती सभा उधळली. त्याला देश सोडावा लागला, आणि गैरहजेरीतच त्याला मृत्युदंड सुनावला गेला. सप्टेंबर १८५१ मध्ये ब्रसेल्सजवळच्या लाकेनमध्ये तो वारला. वय अवघं ४१.

कार्निव्हल नसता तर तो राजकारणात आलाच नसता, असं मी म्हणणार नाही. स्पेनमध्ये लढून आलेला माणूस गप्प बसणारा नव्हताच. पण सिगार विकणाऱ्या माणसाचं ऐकायला अख्खं शहर जमावं, अशी जागा त्या काळात कार्निव्हलनेच त्याला दिली.