पडदाविरहित शॉक ट्यूबवर पंखछेद तपासू पाहणाऱ्यास

शॉक ट्यूब म्हणजे उच्च दाबाचा वायू अचानक सोडून आघात तरंग (दाबाची अतिवेगवान, तीव्र लाट) निर्माण करणारी नळी; पडदाविरहित नळीत हा वायू पडद्याऐवजी झडप सोडते. ही झडप किती वेगाने उघडते, याकडे तुम्ही सर्वप्रथम लक्ष द्यावे. फाटणारा धातूचा पडदा काढून टाकल्याने प्रतिकृतीवर (पंखछेदाच्या, म्हणजे पंखाच्या आडव्या छेदाच्या आकाराच्या नमुन्यावर) आदळणारे तुकडे टळतात आणि एकाच दाबाला तोच आघात तरंग पुन्हापुन्हा मिळतो, हा मोठाच लाभ आहे. मात्र झडपेला उघडायला वेळ लागत असल्याने तरंग पूर्ण घडण्यासाठी नळीची अधिक लांबी खर्ची पडते, आणि हे विसरून प्रतिकृती झडपेच्या फार जवळ बसवल्यास सगळी मोजमापे संशयास्पद ठरतात.

तरंगाचा मॅक अंक (वेगाचे तेथील ध्वनिवेगाशी गुणोत्तर) आणि त्याच्या मागील प्रवाहाचा मॅक अंक यांत गल्लत करू नका. हवेत सुमारे १.७५ मॅकच्या तरंगामागे प्रवाह ०.८ मॅकच्या आसपास असतो, तर प्रवाह १ मॅकला पोहोचण्यासाठी तरंग साधारण २.०७ मॅकचा लागतो. चाचणीचा उपयुक्त काळ मात्र संपर्कपृष्ठ (सोडलेला वायू आणि तरंगाने ढकललेली हवा यांमधील सीमा) प्रतिकृतीपर्यंत येईपर्यंतच, म्हणजे सहसा काही मिलिसेकंदच, टिकतो आणि भिंतींवरील सीमास्तर (भिंतीलगतचा मंदावलेल्या हवेचा थर) तोही घटवतो. ०.८ मॅकला ५० मिलिमीटर जीवेवरून (पंखछेदाच्या पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतच्या लांबीवरून) हवा सुमारे ०.१५ मिलिसेकंदात जाते. प्रवाह स्थिरावण्यास असे अनेक फेरे लागत असल्याने जीवा लहानच ठेवावी, असे माझे ठाम मत आहे. लहान प्रतिकृतीमुळे भिंतींवरून परतणारे तरंग आणि प्रवाह कोंडण्याचा धोकाही कमी होतो.

दाबसंवेदकांच्या नोंदींसोबत श्लीरेन चित्रे (हवेच्या घनतेतील फरक दाखवणारी छायाचित्रे) अवश्य घ्यावीत, कारण पंखछेदाच्या पृष्ठावरील आघात तरंग स्थिरावला की अजून सरकत आहे, हे त्यांतच स्पष्ट दिसते.