विधेयक येणार म्हणून आरोग्य विमा लांबवावा का?

वाचकाचा प्रश्न (नोव्हेंबर 2025): मी 53 वर्षांचा असून हिंगणा एमआयडीसीतील एका कारखान्यात नोकरीस आहे. मार्च 2027 मध्ये स्वेच्छानिवृत्ती घेण्याचा विचार आहे, तोपर्यंत कंपनीचा गट आरोग्य विमा चालू राहील. पत्नी 50 वर्षांची असून तिला सहा वर्षांपासून मधुमेह आहे. दोघांसाठी 10 लाखांची स्वतंत्र पॉलिसी घेण्याचे ठरवून ऑगस्टमध्ये कोटेशन मागवले होते. पण संसदेच्या हिवाळी अधिवेशनात विमा क्षेत्रात 100 टक्के परकीय गुंतवणुकीचे विधेयक येणार आहे, त्यानंतर विदेशी कंपन्या स्वस्त पॉलिसी आणतील, तेव्हा थांबा, असे मेहुण्यांचे म्हणणे आहे. त्यांच्याच सल्ल्याने 2013 पासूनची एलआयसीची एंडोमेंट (विमा व बचत एकत्र असलेली) पॉलिसीही सरेंडर करावी, म्हणजे मुदतीपूर्वी मोडावी का? आई 76 वर्षांची आहे, तिच्यासाठी काय करावे?

सप्रेम नमस्कार.

आपण पाठवलेल्या कोटेशनच्या कोपऱ्यात निळ्या पेनने ‘अधिवेशनानंतर’ असे लिहून त्याभोवती दोनदा गोल केलेला दिसतो. नागपूरकरांना अधिवेशन म्हटले की विधान भवन, मोर्चे आणि डिसेंबरात बंद होणारे सिव्हिल लाइन्सचे रस्ते आठवतात. येथे मात्र प्रश्न दिल्लीतील अधिवेशनाचा, म्हणजे 1 ते 19 डिसेंबर 2025 या काळात भरणाऱ्या संसदेच्या बैठकीचा आहे. माझे मत आधीच सांगतो: आरोग्य विम्यासाठी त्या अधिवेशनाची वाट पाहू नये आणि एलआयसीची पॉलिसीही मोडू नये.

आपल्या मेहुण्यांनी ऐकलेली बातमी खोटी नाही. अधिवेशनापूर्वी सरकार ज्या विधेयकांची यादी देते, तिच्यात 2025 च्या या अधिवेशनासाठी अणुऊर्जा, उच्च शिक्षण आयोग, राष्ट्रीय महामार्ग, रोखे बाजार संहिता यांच्याबरोबर विमा कायद्यांतील सुधारणांचे विधेयकही आहे, आणि परकीय गुंतवणुकीची मर्यादा 74 वरून 100 टक्के करण्याची घोषणा तर फेब्रुवारी 2025 च्या अर्थसंकल्पातच झाली होती. पण यादीत नाव असणे म्हणजे सरकारने हे काम हाती घेण्याचा इरादा जाहीर करणे, एवढेच. आभासी चलनांसंबंधीचे (क्रिप्टो) विधेयक 2021 मध्ये अर्थसंकल्पी आणि हिवाळी अशा दोन्ही अधिवेशनांच्या यादीत होते. दुसऱ्या वेळी तर यादी बाहेर येताच लोकांनी घाबरून पडत्या भावात आपली चलने विकली, आणि ते विधेयक सभागृहात मांडलेच गेले नाही. दोन महिन्यांनी अर्थसंकल्पात आला तो अशा नफ्यावरील 30 टक्के कर.

मांडल्यानंतरही विधेयक स्थायी किंवा प्रवर समितीकडे जाऊ शकते, मागे घेतले जाऊ शकते, बदलून पुन्हा येऊ शकते. ऑगस्ट 2017 मध्ये मांडलेल्या, अडचणीत आलेल्या वित्तीय संस्थांच्या निराकरणाच्या विधेयकाची आठवण मला आजही आहे, कारण बँक बुडाली तर ठेवीदारांच्या पैशातून तोटा भरला जाईल या धास्तीने माझ्या एका अशिलाने मुदतीपूर्वी ठेवी मोडून, दंड भरून, रक्कम बचत खात्यात ठेवली होती. वर्षभराने, ऑगस्ट 2018 मध्ये, सरकारने ते विधेयक मागे घेतले. दंडाचे पैसे मात्र परत आले नाहीत.

विमा विधेयकाचा स्वतःचा इतिहास तर याहून बोलका आहे. खासगी कंपन्यांना 1999 च्या कायद्याने दार उघडले तेव्हा परकीय वाटा 26 टक्के होता. तो 49 टक्क्यांवर नेण्याचा प्रस्ताव डिसेंबर 2008 मध्ये राज्यसभेत आला आणि प्रत्यक्ष कायदा झाला मार्च 2015 मध्ये. त्यानंतर 49 वरून 74 टक्के करणारे विधेयक मात्र मार्च 2021 मध्ये आले आणि त्याच महिन्यात दोन्ही सभागृहांत मंजूरही झाले. एकाच विषयाला एकदा सहा वर्षांहून अधिक काळ लागला आणि एकदा महिनाही लागला नाही, अशा वेळापत्रकावर घरातील आजारपणाचे नियोजन टांगून ठेवणे मला धोक्याचे वाटते.

शिवाय मंजुरीनंतर राष्ट्रपतींची संमती, राजपत्र आणि अंमलबजावणीची अधिसूचना एवढे सोपस्कार राहतातच. चार कामगार संहितांपैकी वेतनाची संहिता 2019 मध्ये आणि उरलेल्या तीन सप्टेंबर 2020 मध्ये संसदेने मंजूर केल्या. त्या लागू झाल्या 21 नोव्हेंबर 2025 रोजी. आपण कारखान्यात असल्याने हे उदाहरण आपल्याला जवळचे वाटेल. विम्याच्या बाबतीत तर कायदा लागू झाल्यावर विमा नियामक आयआरडीएआयचे विनियम, नव्या कंपनीची नोंदणी, तिची योजना आणि मग धंतोली-रामदासपेठेतील रुग्णालयांशी कॅशलेसचे करार, एवढा प्रवास उरतो. तो वर्षभरात आटोपला तरी मी त्याला वेगवान म्हणेन.

आता स्वस्ताईविषयी. परकीय भांडवल आल्याने कंपनीची ताकद वाढते, सेवा सुधारण्याची शक्यता असते आणि स्पर्धा वाढली तर ग्राहकाला काही लाभ होतो, हे मी नाकारत नाही. पण आरोग्य विम्याचा हप्ता प्रामुख्याने ठरतो तो रुग्णालयांच्या बिलांवर आणि विमेदारांच्या वयावर व आजारांवर. भागधारक लंडनचा असो की मुंबईचा, अँजिओप्लास्टीचे बिल त्यालाही तेवढेच येणार. ब्रिटनची बुपा आणि अमेरिकेची सिग्ना या कंपन्या भारतीय भागीदारांबरोबर कित्येक वर्षांपासून येथे आरोग्य विमा विकत आहेत, आणि त्यांच्या येण्याने हप्ते घसरल्याचा अनुभव मला तरी नाही.

गंमत अशी की ज्या स्वस्ताईची आपण वाट पाहत आहात ती आधीच आलेली आहे आणि तिच्यासाठी कोणत्याही विधेयकाची गरज लागली नाही. आपले कोटेशन पुन्हा पाहावे. मूळ हप्ता 42,000 रुपये, त्याखाली 18 टक्के जीएसटीचे 7,560 रुपये आणि एकूण 49,560 रुपये असा हिशेब त्यात आहे. जीएसटी परिषदेने 3 सप्टेंबरच्या बैठकीत निर्णय घेतला आणि 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य व जीवन विम्यावरील हा कर शून्य झाला. म्हणजे आपण ‘अधिवेशनानंतर’ असे लिहून ठेवलेल्या कागदावरील 7,560 रुपयांची ओळ आता लागूच नाही. अर्थात कंपन्यांना इनपुट क्रेडिट (स्वतःच्या खर्चावर भरलेल्या जीएसटीची वजावट) मिळेनासे झाल्यामुळे मूळ दरात थोडाफार बदल झालेला असू शकतो, म्हणून नवे कोटेशन लेखी मागवावे.

थांबण्याची खरी किंमत मात्र हप्त्याच्या ओळीत दिसत नाही; ती पत्नीच्या मधुमेहात आहे. पॉलिसी घेण्यापूर्वीच्या आजारांसाठी कंपनी जास्तीत जास्त 36 महिन्यांचा प्रतीक्षा काळ, म्हणजे त्या आजाराचा क्लेम न देण्याची मुदत, लावू शकते आणि हे घड्याळ पॉलिसी सुरू झाल्याच्या दिवसापासूनच चालू होते. आपण डिसेंबर 2025 मध्ये पॉलिसी घेतली तर हा काळ फार तर डिसेंबर 2028 मध्ये संपेल, आणि त्यातील सव्वा वर्ष कंपनीच्या गट विम्याच्या छत्राखालीच निघून जाईल. नव्या कंपन्यांची वाट पाहत जून 2027 उजाडला, तर मुदत जून 2030 पर्यंत लांबेल, आणि मार्च 2027 ते जून 2027 हे महिने आपल्या दोघांना कसलेच संरक्षण नसेल. दरम्यान आपल्याला स्वतःला रक्तदाबाचे किंवा हृदयाचे निदान झाले, तर पॉलिसी जादा हप्त्याने मिळेल किंवा कदाचित मिळणारही नाही. थोडक्यात, दीड वर्षाचे हप्ते वाचवण्यासाठी आपण दीड वर्षाचा जादा प्रतीक्षा काळ विकत घेत आहात.

आणि समजा, विधेयक मंजूर झाले व खरोखरच एखादी चांगली कंपनी आली, तरी आपले काहीही बिघडत नाही. आरोग्य पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे पोर्ट करता येते आणि तोवर भोगलेला प्रतीक्षा काळ आधीच्या विमा रकमेपुरता सोबत जातो. अर्ज नूतनीकरणाच्या दीड-दोन महिने आधी करावा लागतो, आणि नव्या कंपनीला आपली तब्येत पाहून नकार देण्याचा अधिकार असतो, हे ध्यानात ठेवावे. पण आज पॉलिसी घेणाऱ्याला पुढे दोन्ही वाटा मोकळ्या राहतात. थांबणाऱ्याच्या हाती मात्र जमा झालेला प्रतीक्षा काळ काहीच नसतो.

पॉलिसी घेताना दोन गोष्टींत कसूर करू नये. प्रपोजल फॉर्म एजंटला भरू देऊ नये. स्वतः बसून भरावा आणि पत्नीच्या मधुमेहाचे वर्ष, चालू गोळ्या व शेवटचा एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा) अहवाल त्यात नमूद करावा. सलग 60 महिने पूर्ण झाल्यावर फसवणूक वगळता लपवाछपवीच्या कारणावरून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, पण त्याआधी लपवलेली एक गोळीही महागात पडते. दुसरे म्हणजे, काही कंपन्या शहरानुसार हप्ता ठरवतात. नागपूरचा दर मुंबईपेक्षा कमी असला, तरी पुढे मुलाकडे पुण्याला राहायला जाण्याचा किंवा मुंबईत उपचार घेण्याचा विचार असेल, तर तेथील बिलात आपल्याला काही टक्के भरावे लागतील का, हे आधीच विचारून घ्यावे. हप्ता जड वाटला तर 5 लाखांची मूळ पॉलिसी आणि त्यावर 5 लाख वजावटीचा, म्हणजे वर्षातील बिले 5 लाखांपुढे गेल्यावर लागू होणारा, सुपर टॉप-अप अशी जोडणी पाहावी. ती बहुधा स्वस्त पडते. नोकरीत असेपर्यंतचे लहान क्लेम गट विम्यातूनच घ्यावेत, म्हणजे वैयक्तिक पॉलिसीचा बोनस साचत राहील. गट विमा देणाऱ्या कंपनीच्याच वैयक्तिक पॉलिसीत नोकरी सोडताना जाता येईल का, हेही कारखान्याच्या मनुष्यबळ विभागाकडून लेखी घ्यावे.

एलआयसीच्या पॉलिसीविषयी. नव्या विधेयकामुळे जुने करार बदलत नाहीत, आणि एलआयसीच्या पॉलिसींना 1956 च्या एलआयसी कायद्यातील कलम 37 नुसार केंद्र सरकारची हमी आहे, ती भागधारक कोण यावर अवलंबून नाही. आपण कळवल्याप्रमाणे 36,000 रुपयांचे 12 हप्ते, म्हणजे 4.32 लाख रुपये, भरून झाले आहेत आणि शाखेने सरेंडर व्हॅल्यू 4.20 लाख सांगितली आहे. उरलेले 8 हप्ते भरल्यास मुदतीअखेर अंदाजे 12.40 लाख मिळतील. मागचा तोटा सोडून पुढचाच हिशेब करावा: आजचे 4.20 लाख आणि दरवर्षी 36,000 एवढ्यावर 12.40 लाख मिळणे म्हणजे सुमारे साडेआठ टक्के परतावा, तोही आपल्या पॉलिसीच्या अटींत करमुक्त. एंडोमेंट पॉलिसी घेऊ नका असे मी नव्या ग्राहकांना नेहमी सांगतो, पण तिची पहिली वर्षे वाईट असतात आणि शेवटची बरी. वाईट वर्षे सोसून झाल्यावर बाहेर पडण्यात अर्थ नाही. आरोग्य विम्याच्या हप्त्यासाठी रोकड कमी पडत असेल तर याच पॉलिसीवर कर्ज मिळते, पण आपल्या पगारात त्याची वेळ येईल असे वाटत नाही.

आईंसाठी वेगळी पॉलिसी घेण्याची घाई करू नये. 70 वर्षे व त्यावरील प्रत्येक नागरिकाला, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात आणि आधार कार्डावर नोंदणी होते. आईंचे कार्ड याच आठवड्यात काढून घ्यावे आणि घराजवळचे कोणते खासगी रुग्णालय या योजनेत आहे, याची चौकशी त्याच वेळी करावी. अचानक रात्री नेण्याची वेळ आली तर ‘मेडिकल’ (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय) आणि मिहानमधील एम्स हे दोन पत्ते तेवढे घरात सर्वांना ठाऊक असावेत.