सेल-लीजबॅक: तीन महिने मोजायचे कुठून?

न्यू जर्सीहून एका वाचकांचा मेल आलाय. एलएलसीच्या (मर्यादित जबाबदारीच्या कंपनीच्या) नावावर वेअरहाऊस, छतावर 600 किलोवॉटचं सोलर, खर्च 12 लाख डॉलर. यांना तेवढा टॅक्सच भरायचा नसतो, म्हणजे खर्चाच्या 30 टक्के टॅक्समधून वजा होणारं सरकारी क्रेडिट पडून राहणार, म्हणून सिस्टीम बँकेला 15 लाखांना विकायची आणि तीच भाड्याने परत घ्यायची. प्रश्न काय, तर सात वर्षांनी एका डॉलरला परत विकत घ्यायचं कलम बँक घालू देत नाहीये. असे मेल वर्षभर येतात आणि सगळ्यांचं घोडं याच बायआउटवर अडलेलं.

एक डॉलर विसरा. ते लीज नाही, सरळ कर्ज झालं, मग मालक तुम्हीच आणि बँकेला क्रेडिट नाही. त्या वेळच्या बाजारभावाने घ्यायचा हक्क ठेवा. आधीच ठरवलेला आकडा चालेल का, ते अप्रेझल (किमतीचं मूल्यांकन) बघितल्याशिवाय मी बोलणार नाही.

पण मेलच्या तळाशी सहज लिहिलंय की युटिलिटीचं पीटीओ, म्हणजे वीज कंपनीची सिस्टीम चालवायची परवानगी, 9 जानेवारीला मिळालं आणि क्लोजिंग, म्हणजे व्यवहाराच्या सह्या, 30 एप्रिलला आहे. अहो, हे पहिल्या ओळीत हवं होतं! सिस्टीम सेवेत आल्यापासून तीन महिन्यांच्या आत विक्री आणि लीज दोन्ही झालं तरच बँकेच्या हातात ती नवी धरली जाते. 9 एप्रिलनंतर ती सेकंडहँड, क्रेडिट शून्य. मुदतवाढ मिळत नाही, आणि तुम्ही दोन महिने घासाघीस करण्यात घालवलेत.

त्यात इन्व्हर्टर ॲपचा स्क्रीनशॉट जोडलाय, त्यात 22 डिसेंबरपासून रोज युनिट दिसतायत. टेस्टिंग होतं म्हणाल. सेवेत कधी आलं हे ठरवताना आयआरएस (अमेरिकेची कर यंत्रणा) परवाने, चाचण्या, ताबा, ग्रिडची जोडणी आणि रोजचं उत्पादन असं सगळं एकत्र बघते, त्यामुळे पीटीओच्या आधीची चाचणी सहसा धरत नाहीत, पण ती वीज रोज तुमच्याच वेअरहाऊसने खाल्ली असेल तर वादाला जागा आहे. म्हणून मोजायचं 22 डिसेंबरपासून, म्हणजे 22 मार्चच्या आत सह्या. आज 4 मार्च आहे. बँकेच्या वकिलाला आजच फोन करा, मेल नको.

नाही जमलं तर विकू नका. क्रेडिट स्वतः घेऊन पहिल्या वर्षातच सिस्टीम परत भाड्याने न घेता विकली तर ते शंभर टक्के परत भरावं लागतं, पुढे दर वर्षी 20 टक्क्यांनी कमी होत पाच वर्षांनी सुटका. लीजबॅक करून विकली तर तुमचं राहू शकतं, पण मुदत गेल्यावर बँकेला काही मिळत नाही. त्यापेक्षा 2022 च्या कायद्याने नुसतं क्रेडिट रोखीने विकता येतं, ते बघा. मात्र ते तुमच्या 12 लाखांवर, म्हणजे 3 लाख 60 हजार, आणि घेणारा त्यातही कापणार. बँकेच्या 15 लाखांवर साडेचार झाले असते, अर्थात ते वरचे तीन लाख आयआरएसने मान्य केले तर.

आणि एक, जे तुमच्या सीएने सांगायला हवं होतं. तारीख डिसेंबरची धरली तर तुमचं क्रेडिट गेल्या वर्षीच्या रिटर्नमधलं होतं, आणि एलएलसी पार्टनरशिप म्हणून रिटर्न भरत असेल तर त्याची मुदत 15 मार्च. क्रेडिट विकायचं तर आधी आयआरएसच्या पोर्टलवर नोंदणी, मग वेळेत भरलेलं रिटर्न. तेव्हा लीजबॅक होवो न होवो, रिटर्नसाठी एक्स्टेंशन (मुदतवाढ) या आठवड्यातच टाकून ठेवा.

घरच्या छताचं क्रेडिट 2025 अखेर बंद झालं, ते व्हॉट्सॲपवर फिरतंय ते हे नव्हे, तुमचं धंद्याचं आहे. राज्याची सोलर सर्टिफिकेटं (वीज बनवल्याबद्दल मिळणारी, विकता येणारी) कोणाकडे राहणार ते लीजमध्ये लिहून घ्या.

इन्व्हर्टरचा पूर्ण लॉग डाउनलोड करून वकिलाला द्या. डिसेंबरचे दिवस वगळून नाही.