बक्षीस मिळालेलं मशीन बाजारात का पोचत नाही?

तुमचा प्रश्न असा आहे: कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये रोपांसाठी उसाचे डोळे (कोंब फुटतो ती जागा) काढायचं मोटरवरचं मशीन बनवलं, बक्षीस मिळालं, आता बाजारात आणायचं तर आधी पेटंट की आधी गुंतवणूकदार, आणि कोल्हापुरातून हे जमेल का?

दोन्ही नंतर. आधी दुसरं मशीन बनवा. पहिल्याला हात न लावता, नुसतं ड्रॉइंग हातात देऊन, कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या दुसऱ्याच वर्कशॉपकडून. जोडताना जिथे कानस लागेल, शिम (फट भरायची पातळ पत्र्याची चकती) घालावी लागेल, भोक ओढून मोठं करावं लागेल, तिथे तुमचं ड्रॉइंग अपुरं आहे. पहिलं मशीन बनवणाऱ्याच्या हाताला सगळं माहीत असतं, म्हणून ते चालतं. विकायचं असतं ते अकरावं मशीन, आणि ते जोडताना तुम्ही तिथे नसता.

तंत्रज्ञान किती तयार आहे हे मोजायची नासाची १ ते ९ अशी पट्टी आहे. प्रयोगशाळेत चाललं म्हणजे ४. कॉलेजची बक्षिसं साधारण तिथेच मिळतात. खऱ्या जागी, खऱ्या माणसाच्या हाताखाली चाललं की ६-७, आणि रोजच्या वापरात टिकलं की ९. पैसा आणि उमेद संपते ती ४ ते ७ च्या मध्ये. या टप्प्यात कौतुक कुणी करत नाही आणि खर्च रोज होतो.

आता नकलेची भीती. तुम्ही पेटंट आधी विचारलंत ते त्यामुळेच, आणि याच मुद्द्यावर माझा एका भागीदाराशी जुना वाद आहे. त्याचं म्हणणं: कोल्हापुरात आठ दिवसांत कॉपी होते, म्हणून मशीनमध्ये बाजारात न मिळणारा, आपला स्वतःचा एक पार्ट हवाच. त्यासाठी ब्लेडच्या शाफ्टचं बेअरिंग हाउसिंग, म्हणजे बेअरिंग बसायचं घर, बिडाचं, खास ओतून घ्यायचं ठरलं. बेअरिंग ६२०५, म्हणजे शाफ्ट २५ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ५२. हाउसिंगच्या बोअरला, म्हणजे बेअरिंग बसायच्या भोकाला, एच७ या दर्जाची अचूकता लागते, म्हणजे ५२ वर शून्य ते +०.०३० मिलिमीटर एवढीच सूट. कागदावर सोपं दिसतं. पण बोअरभोवतीचा बॉस (उंचवट्याचा भाग) जाड आणि बाजूची भिंत ६ मिलिमीटरची. पातळ भाग आधी गोठतो, जाड भाग शेवटी, आणि शेवटी गोठणाऱ्याला आतून धातू मिळत नाही. बाहेरून कास्टिंग सुरेख दिसतं, बोअर करायला घेतलं की आत पोकळी उघडी पडते. मग रायझर (गोठताना धातू पुरवणारा साठा) जागेवर आणा, चिल (जाड भाग लवकर गोठवणारा धातूचा तुकडा) लावा, बॉसमध्ये कोअर (पोकळी ठेवणारा वाळूचा गाभा) टाकून जाडी कमी करा. प्रत्येक वेळी पॅटर्न (साचा पाडायचा नमुना) सुधारायचा आणि पुन्हा सँपल ओतायचं. बीड आटतं ते मीटरला सुमारे १० मिलिमीटर. ते पॅटर्नमध्ये धरलं नसेल तर मशीनिंगला ठेवलेलं मटेरियलही एका बाजूला कमी पडतं.

हे सगळं शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत उत्तम होतं. प्रश्न फाउंड्रीच्या कौशल्याचा नाहीच. महिन्याला टनांनी माल काढणारी फाउंड्री तुमच्या वीस नगांसाठी लाइन थांबवणार नाही, आणि तिने थांबवावी असंही नाही. मग हंगामात एखाद्या रोपवाटिकेत हाउसिंगला तडा गेला की मशीन आठ-दहा दिवस बंद. तोडून आणलेलं बेणं तेवढं थांबत नाही, डोळे सुकतात. तो माणूस दुसऱ्या दिवशी हातकटरवर परत जातो आणि पुन्हा तुमच्याकडे येत नाही.

यूसीपी २०५ हे तयार पेडेस्टल बेअरिंग घ्या. तोच २५ चा शाफ्ट, तालुक्याच्या गावात बेअरिंगच्या दुकानात मिळतं, दोन बोल्टवर बसतं, थोडी तिरकी जोडणीही सहन करतं. फ्रेम १० मिलिमीटर प्लेट लेसरवर कापून वेल्ड करा. पन्नास नग विकले जाईपर्यंत पॅटर्नचा खर्च करू नका. कॉपी होईल? होऊ दे. कॉपी करणारा फ्रेम उतरवतो. ब्लेडचं हार्डनिंग, दोन ब्लेडमधलं अंतर, शाफ्टची रनआउट (फिरताना तो किती डुलतो) त्याला बघून कळत नाही. आपल्या भीतीपोटी शेतकऱ्याची दुरुस्ती अवघड करायची, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही.

ब्लेडबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण या मशीनचा जीव तिथेच आहे. उसाच्या सालीत सिलिका असते, वर माती. शिरोळकडच्या नदीकाठच्या उसावर गाळाचा थर असला तर धार बघता बघता जाते. धार गेली की ब्लेड कापत नाही, चेपतं. डोळ्याखालचा भाग फाटतो, रस सुटतो, तिथे बुरशी धरते. पण हे त्या दिवशी दिसत नाही. ट्रेमध्ये कोकोपीट भरून डोळे लावले, दहा-बारा दिवसांनी उगवण मोजली, तेव्हा कळतं. तोवर रोपवाटिकावाला बेण्याला, औषधाला, पाण्याला दोष देऊन मोकळा झालेला असतो, आणि ब्लेडचं नाव निघतं तेव्हा ते मशीनवर कायमचं चिकटतं. म्हणून दर किती डोळ्यांनंतर ब्लेड फिरवायचं हे तुम्ही आधी मोजून ठरवा आणि मशीनवरच पत्र्यावर कोरून लावा. डी२ स्टील ५८ एचआरसीपर्यंत (हे कठीणपणाचं माप) हार्डन केलेलं ब्लेड, दोन्ही बाजूंनी धार, एकाच पान्याने बदलता येईल असं. उसाचा रस आंबट, तो साध्या लोखंडाला खातो. जिथे रस साचतो ती ट्रे ३०४ स्टेनलेसची करा, बाकी फ्रेमला पावडर कोटिंग पुरे.

मशीन फसायची दुसरी जागा मोटरची. कॉलेजात २३० व्होल्ट असतात. गावात संध्याकाळी १८० मिळाले तर टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाने घटतो: १८० भागिले २३० चा वर्ग, ०.६१. म्हणजे सिंगल फेजच्या २ एचपी मोटरची ताकद चाळीस टक्क्यांनी गेली. को ८६०३२ या जातीच्या उसाचं जाड कांडं त्यात अडकलं, मोटरचा वेग पाऊणपर्यंतही चढला नाही, की सेंट्रिफ्यूगल स्विच (वेग आल्यावर स्टार्टिंग वाइंडिंग तोडणारा) उघडत नाही आणि स्टार्टिंग वाइंडिंग जळतं. उपाय स्वस्त आहे: शाफ्टवर जड फ्लायव्हील, बी सेक्शनचा एकच व्ही बेल्ट जो अडकल्यावर घसरेल, आणि जादा भार आला की मोटर बंद करणारा ओव्हरलोड रिले. थ्री फेजवर जा असं सांगणं सोपं, पण शेतीची थ्री फेज ठरावीक तासच असते, काही ठिकाणी तर रात्री. माणसं डोळे काढतात दिवसा.

चाचणी कशी घ्यावी? तुम्ही हजर नसताना. तीन रोपवाटिकांना मशीन द्या, तिथल्या बायका चालवतील तसं चालू द्या, एका वहीत तीनच गोष्टी लिहून घ्या: किती तास, काय अडकलं, काय तुटलं. शेजारी हातकटरने काढलेले ५०० आणि मशीनने काढलेले ५०० डोळे, एकाच दिवसाचे, एकाच बेण्याचे. बाराव्या आणि तिसाव्या दिवशी मोजणी. ही ट्रे गिऱ्हाइकाच्या दारातच ठेवा.  १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराला पहिला विरोध झाला तो लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीचा. तुमच्या वाट्यालाही ‘मशीनच्या रोपाला फुटवा कमी’ हे वाक्य येणार. भाषणाने ते जात नाही, शेजारी उगवलेल्या ट्रेने जातं.

पेटंटचं आता. प्रदर्शनात मांडण्याआधी, व्हिडिओ टाकण्याआधी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरत्या तपशिलाचा अर्ज करा. व्यक्तीला ऑनलाइन शुल्क १,६०० रुपये आहे, आणि पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. ते बारा महिने म्हणजेच वरची चाचणी. एकदा चारचौघांत दाखवलं की नवेपणा गेला. केंद्राने राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनांपुरती सवलत आहे, गावोगावच्या कृषी प्रदर्शनाला ती धरू नका. बक्षीस मिळालं तेव्हा मशीन किती उघड झालं होतं, हे पेटंट एजंटला खरं सांगा. मुदत अर्जापासून २० वर्षं, पण कोर्टात भांडायचा खर्च तुमचाच.

किमतीचा माझा आडाखा: मटेरियल आणि जॉबवर्कच्या अडीचपटीखाली विकलंत तर डीलरचं कमिशन, वाहतूक आणि वॉरंटी खिशातून जाते. अनुदानावर धंदा बांधू नका. मान्यताप्राप्त केंद्राचा चाचणी अहवाल मात्र घेऊन ठेवा, अनुदानाला तो लागतोच. पण ‘अनुदानात येणार आहे’ असं एकदा म्हणालात की गिऱ्हाईक अनुदानाची यादी लागेपर्यंत थांबतं, आणि तुमचा हंगाम जातो. आडसाली लावण जुलै-ऑगस्टची. रोपं महिनाभर आधी टाकतात, म्हणजे मशीन मे अखेरीस दारात हवं. ते चुकलं तर थेट पूर्वहंगामी लावण, म्हणजे ऑक्टोबरपर्यंत गप्प बसायचं.

गुंतवणूकदार पन्नास नगांनंतर, तोही खेळत्या भांडवलापुरता. सॉफ्टवेअर किंवा औषधाला यातलं बरंच लागू नाही. तिथे नियम आणि पैसा वेगळ्या क्रमाने येतात. आणि भागीदाराचा मुद्दा एका बाबतीत खरा होता: ब्लेडची भूमिती खरोखर नवी असेल तर ती जपलीच पाहिजे. पण कागदाने जपा, हाउसिंगने नको.

तुमच्या शाफ्टला कोणतं बेअरिंग आहे आणि ब्लेड बदलायला किती स्पॅनर लागतात, एवढं खाली लिहा. पुढचं त्यावरून सांगता येईल.