वही परत पाठवतो आहे

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

तुझी निळी वही परवा रात्री वाचून संपवली. सत्तावीस इंग्रजी शब्द, प्रत्येकापुढे एक ओळ अर्थ, आणि शेवटच्या पानावर पेन्सिलीने, "काका, हे सगळं कशासाठी?" सेमिनारमध्ये ‘पल्क्रिट्यूड’ म्हणालीस आणि मुलं हसली, एवढंच ना? हसणारच. अर्थ सौंदर्य, आणि ऐकताना वाटतं कुणाला शिंक आली. इंग्रजीतही तो बहुतेक थट्टेच्या सुरातच येतो. हे तुझ्या वहीत कुठे आहे? ‘सौंदर्य’ लिहिलंस आणि पुढे पळालीस.

मला राग त्या पळण्याचा आहे. अर्थ मागाहून, आधी शब्दाचं गाव विचार. कुठून आला, कुणाच्या तोंडी होता, कोणत्या कामाला बोलावला होता.

तुझा नववा शब्द ‘एप्रिसिटी’, हिवाळ्यातल्या उन्हाची ऊब. 1623 साली हेन्री कॉकरॅमने अवघड शब्दांचा कोश काढला, त्यात हा आहे. मूळ लॅटिन, आणि कोशाबाहेर फारसा कधी फिरलेला नाही. आता बघ, बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी जानेवारीत आई ओट्यावर उन्हाकडे पाठ करून तुरीच्या शेंगा सोलत बसायची. कुणी हाक मारली की म्हणायची, "थांब रे, जरा ऊन खाते." शेंगांचा ढीग पायाशी, पदर डोक्यावरून पुढे ओढलेला, बोटांना हिरवा डाग. ‘एप्रिसिटी’ मला कळला तो त्या ओट्यावर. कोशातली ओळ मी त्याआधी दहा वर्षं पाठ केली होती, काही उपयोग झाला नाही.

आणि गाव न विचारल्यावर काय होतं, ते या प्रूफरीडरकडून ऐक. 1934 साली निघालेल्या वेबस्टरच्या जाडजूड कोशात ‘डॉर्ड’ नावाचा शब्द छापून आला. अर्थ, घनता. असा शब्दच नव्हता! 1931 मध्ये रसायनशास्त्राच्या संपादकाने चिठ्ठी पाठवली होती, की मोठा ‘डी’ किंवा छोटा ‘डी’ हे घनतेचं संक्षिप्त रूप म्हणून घ्या. इंग्रजीत ‘किंवा’ला ‘ऑर’. चिठ्ठी संक्षेपांऐवजी शब्दांच्या गठ्ठ्यात गेली, अक्षरं एकमेकांना चिकटली आणि शब्द जन्माला आला. पुढे उच्चारही मिळाला त्याला. 1939 मध्ये एका संपादकाच्या लक्षात आलं, की या नोंदीला व्युत्पत्तीच नाही. कळलं? अर्थ होता, उच्चार होता, गाव नव्हतं, म्हणून चोर सापडला. मी एकतीस वर्षं गॅल्या, म्हणजे छपाईआधीची कच्ची पानं, तपासल्या. ही गोष्ट आठवली की अजून हात चष्म्याकडे जातो.

माझी चूक मात्र छापली गेली नाही, टपालाने गेली. मी तेव्हा चोवीस वर्षांचा. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत तासन्‌तास बसायचो, तिथल्या काचेच्या फरशीवर पाय ठेवताना जपून, आणि घरी येताना खिशात पाच नवे शब्द. एका मित्राची आई गेली. त्या माउलीच्या हातचं मी दोन वर्षं जेवलो होतो. पत्र इंग्रजीत लिहिलं, आणि त्यात ‘लॅक्रिमोज’ घातला. कोशात ‘अश्रूंशी संबंधित’ असं काहीसं होतं, मला भारदस्त वाटलं. वर्षभराने मित्राचा मोठा भाऊ शांतपणे म्हणाला, "शोकात होतो आम्ही. तू रडके म्हणालास." मित्र त्यावर कधीच बोलला नाही. मराठीत चार ओळी लिहायच्या होत्या, दुसरं काही नाही.

तुझ्या काकू म्हणतात, यानंतरही वह्या भरत बसलात ना? बसलो. अकरा भरल्या, नऊ रद्दीत गेल्या, त्याचं मला अजून वाईट वाटतं, आणि जे नोकरीत पुढे गेले त्यांच्यापेक्षा माझा वेळ वाया गेला असं मी मान्य करणार नाही. सयाजीराव महाराजांनी राज्यकारभारासाठी ‘सयाजीशासनशब्दकल्पतरु’ करून घेतला, 1931 सालीच, एका इंग्रजी शब्दापुढे मराठी, गुजराती, संस्कृत, फारसी असे सात भाषांतले पर्याय. तेही रिकामटेकडे होते असं कुणी म्हणेल का? असो. माझी तुलना महाराजांशी नको, पण गाव तेच आहे, बडोदं.

तर, सत्तावीसपैकी सहा शब्दांपुढे मी फुली मारली आहे. ते खोटे नाहीत, तू त्यांची चौकशी केलेली नाहीस. प्रत्येकासाठी एक आख्खं वाक्य शोध, खऱ्या पुस्तकातलं. तुझं स्वतःचं वाक्य चालणार नाही, माझंही नाही. ‘मंगूस’ तू सोपा म्हणून खोडला होतास, तो मी परत लिहिला. इंग्रजांनी तो आपल्याच मुंगसावरून उचलला आहे, आणि तू त्याला ओळखलं नाहीस!

वही खालच्या वाण्याकडे ठेवतो. सेव उसळ खाऊन ये, पण हात धुऊन घे. मागच्या वेळी बाराव्या पानावर तर्री सांडली होती.

तुझा,
काका