मास्टर फॉर्म नको, छोटे ब्लॉक करा

कर्जमंजुरी, व्हेंडर नोंदणी आणि खर्चाची परतफेड या तिन्ही प्रोसेसमध्ये बँक खात्याचा तोच फॉर्म कॉपी-पेस्ट झालाय, म्हणून सगळ्यांचा मिळून एक मास्टर फॉर्म करावा का, असं तुम्ही विचारलंय. करू नका. असे फॉर्म अंधेरी-बीकेसीकडच्या ऑफिसांत बरेच पाहिलेत. गर्दीच्या वेळच्या विरार लोकलसारखं होतं त्यांचं: प्रत्येक प्रोसेसची अट आत चढते, उतरत एकही नाही.

बँक खात्याचा वेगळा ब्लॉक, म्हणजे पुन्हा वापरता येणारा फॉर्मचा तुकडा, बनवा, पण आपण कुठल्या प्रोसेसमध्ये आहोत हे त्याला कळू देऊ नका. आत माहिती आणि मोड (भरायचं की फक्त बघायचं) द्यायचा, बदल झाला की त्याने बाहेर कळवायचं, बस. 'हा चेकरचा (भरलेलं तपासणाऱ्याचा) टप्पा आहे' हे टास्कच्या स्क्रीनला, म्हणजे ज्या पानावर त्या टप्प्याचं काम उघडतं त्याला, माहीत असावं. ब्लॉकला फक्त 'रीड-ओन्ली' (बघा, बदलू नका) एवढंच सांगा. उद्या मध्ये ऑडिटचा टप्पा घुसला तरी ब्लॉकला हात लावावा लागत नाही. (परवानगी सर्व्हरवरही तपासायचीच, हे वेगळं सांगायला नको.)

रीड-ओन्लीच्या जागी डिसेबल्ड (फील्ड पूर्ण बंद) वापरू नका. साध्या एचटीएमएल फॉर्ममध्ये डिसेबल्ड फील्डची व्हॅल्यू सबमिट होतच नाही, मग चेकरने सेव्ह केलं की खाते क्रमांक गायब! मी तर चेकरला सरळ मजकूरच दाखवतो. रद्द केलेल्या चेकशी ताडून बघायला तोच बरा.

व्हॅलिडेशनमध्ये, म्हणजे भरलेलं बरोबर आहे का हे तपासताना, स्वरूप ब्लॉकच्या आत, धोरण बाहेर. आयएफएससी 11 अक्षरांचा आणि पाचवं अक्षर शून्य, हे ब्लॉकने तपासावं. जीएसटी क्रमांकात तिसऱ्यापासून बाराव्या अक्षरापर्यंत पॅन असतो. तो वर भरलेल्या पॅनशी जुळतो का, हे मात्र दोन्ही फील्ड दिसणाऱ्या स्क्रीनचं काम. '5 लाखांवर दोन मंजुऱ्या' हा नियम तर प्रोसेसमध्येच हवा.

सगळ्यात जास्त त्रास चालू केसेसचा, म्हणजे अर्ध्यावर असलेल्या अर्जांचा. ब्लॉकच्या डेटाचा आकार (त्यात कोणती फील्ड, कशी मांडलेली) बदललात, तरी महिनाभर मंजुरीत अडकलेली केस जुनाच आकार घेऊन उघडते. जुन्याचं नवं करणारा छोटा मॅपर टास्कच्या स्क्रीनवर ठेवा, आणि जुन्या आकाराची शेवटची केस बंद होईपर्यंत काढू नका.

सुरुवात मात्र बँक खात्यापासून नको. शेरा आणि निर्णयाचा ब्लॉक आधी घ्या: मंजूर, परत पाठवा, नामंजूर. तो तिन्ही प्रोसेसमध्ये लागणारच. बटणांची यादी बाहेरून द्या.