पांचट तुती आणि मे महिन्यातला पाऊस

प्रश्न : ताई, नमस्कार. कराडला आमच्या परसात न्हाणीमागे तुतीचं झाड आहे, शेजारी फालसा. सुट्टीत मुलं दिवसभर तुतीखालीच असतात. एप्रिलमधली फळं चांगली निघाली, पण मे महिन्यात पाऊस लागला तो हटेना. नंतरची तुती काळी झाली, पण चव पांचट. निम्मी झाडावरच बुरशीने गेली. फालसा तर पिकायच्या आधीच गळला. गोडी यावी म्हणून बुंध्याशी शेणखत आणि मूठभर युरिया घातला, काही फरक नाही. सासरे म्हणतात झाड जुनं झालं, तोडून टाका. काय करू?

उत्तर : आधी मामंजींना सांगा, झाडाला कुऱ्हाड लावायची नाही. एप्रिलमध्ये ज्या झाडाने गोड फळ दिलं ते मेमध्ये म्हातारं होत नाही. बिघडलं ते हवामान. २०२५ साली पाऊस २४ मेला केरळात आला आणि २६ मेला मुंबई-पुण्यात. एरवी मुंबईत तो ११ जूनच्या सुमारास येतो. त्याआधीचा वळवही नेहमीसारखा तासाभरात पडून मोकळा झाला नाही.

फळातली साखर पानं बनवतात आणि त्यांना ऊन लागतं. आभाळ दिवसेंदिवस भरून राहिलं की साखर कमी पडते, त्यात मुळं भरपूर पाणी ओढून फळात भरतात. म्हणून फळ फुगतं, काळं होतं, पण जिभेला नुसतं पाणी लागतं. याला खत हे औषध नाही. युरियाने पाला माजतो, फांद्या दाट होतात, आतली हवा कोंडते आणि बुरशीला आयतं घर मिळतं. शेणखत पडलं ते पडू द्या, युरिया मात्र आता पुन्हा नको.

तुमच्या पत्रातला ‘न्हाणीमागे’ हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. उन्हाळ्यात सांडपाण्यावर तुती मजेत वाढते, पण पाऊस सुरू झाल्यावरही तो पाट बुंध्याशीच जात असेल तर मुळांना श्वास घ्यायला उसंत नाही. पाट केळीकडे किंवा अळूकडे वळवा. दोन दिवस उघडीप मिळाली की झाडापासून चार पावलांवर हातभर खोल खड्डा घ्या आणि संध्याकाळी पाण्याने भरा. सकाळपर्यंत पाणी जिरलं तर काळजी नाही. तुंबून राहिलं, तर बुंध्याभोवती मातीची भर देऊन उतार करा आणि पाणी बाहेर काढायला चर खणा.

आता तोडणीबद्दल. तुती झाडावरून उतरली की पुढे गोड होत नाही, म्हणून रंगावर जाऊ नका. खरी पिकलेली तुती बोट लागताच हातात येते. ओढावी लागली तर ती अजून कच्ची आहे. आभाळ भरलं की खाली जुनी चादर अंथरून फांदी हलकेच हलवा. पडेल ते घ्या, राहील ते राहू द्या. फळं मिठाच्या पाण्यात घटकाभर ठेवली की आतल्या बारीक अळ्या वर येतात. खाली सडलेली फळं रोज गोळा करून लांब पुरा. हे कंटाळवाणं काम टाळलं की चिलटं आणि बुरशी दोन्ही वाढतात. पांचट फळही टाकू नका. गूळ आणि लिंबू घालून मंद आचेवर आटवा, पोळीशी झकास लागतं.

भर पावसात मोठी छाटणी करू नका, कापलेली तोंडं कुजतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात पाऊस ओसरला की शेंडे हातभर मागे घ्या, आतल्या गर्दीच्या काड्या काढा आणि उरलेली पानं ओरबाडून टाका. तुतीला फळ नव्या फुटीवर येतं, त्यामुळे पुढच्या दीड-दोन महिन्यांत थोडी तुती पुन्हा दिसेल. मुलांची सुट्टी तेव्हा नसेल, पण झाड त्यांना ओळखतंच! छाटलेल्या पेन्सिलीएवढ्या जाड काड्या ओल्या मातीत तिरप्या खोचा. मामंजींना म्हाताऱ्या झाडाची एवढी धास्ती असेल तर हाताशी रोपंही तयार राहतील.

फालशाला मात्र आत्ता हात लावू नका. त्यालाही फळ नव्या फुटीवरच येतं, पण त्याची छाटणी डिसेंबर-जानेवारीत करायची, जमिनीपासून तीन-चार फूट ठेवून. पुढच्या वर्षी घड एकदम पिकायची वाट बघत बसू नका. जांभळट झालेले दाणे एक-दोन दिवसाआड खुडायचे आणि त्याच दिवशी सरबत करायचं. फालसा टिकत नाही, पाऊस असो वा नसो.

प्रश्न : कणकवलीला आमच्या कुंपणाला करवंदाच्या जाळ्या आहेत. यंदा पिकता पिकता पाऊस आला आणि करवंदं फुटून गेली. काही उपाय?

उत्तर : पाऊस अडवता येत नाही, म्हणून करवंदं दोन टप्प्यांत उतरवा. आभाळ धरायला लागलं की हिरवी, घट्ट करवंदं निम्मी तरी लोणच्यासाठी काढून घ्या. उरलेल्यांतली पिकतील तशी त्या त्या दिवशी खा. जाळी आतून विरळ केलीत तर पावसानंतर लवकर वाळते. चीक चिकटतो, तेव्हा खुडण्याआधी बोटांना खोबरेल चोळा. लोणच्याची करवंदं धुतल्यावर पंच्यावर पसरून पूर्ण कोरडी होऊ द्या, मगच मीठ लावा. दमट हवेत याला अख्खी रात्र लागते.